मागच्या टाचेवरचा भार

॥ श्री ॥
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

दिपाली,

फाडू नकोस. पानाच्या मागे चित्र आहे. आधी ते बघ, मग काय फाडायचं ते फाड.

वर चि. सौ. लिहून अनेक आशीर्वाद लिहायचे असतात, ते मला येतं. मॅट्रिकला पत्राच्या मायन्याचे पूर्ण गुण होते मला. पण 'सौ.' लिहावं की नको इथेच हात अडला. आणि माझा आशीर्वाद घेऊन तू काय करणार? म्हणून नुसतं नाव लिहिलं.

पार्वती मावशी तुझ्या माहेरच्या खारबावच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, तिच्या टोपलीतून हे पत्र येतंय. वास येईल. मला म्हणाली, "काय गो कमळ, दीड वरसात सुनेचं नाव काढलं न्हाय, नि आता कोर्टाची तारीख आल्यावर चिठ्ठी?"  

बातमी अशी की काल देवळातल्या हातवाल्या आईचं कवच निघालं.

सकाळी दिवा लावायला गेले तर शेंदराचा अख्खा थर खाली पडलेला, चार बोटं जाड. आत कांद्यासारखे पदर, मधेमधे तांदूळ, कोणाचे तरी केस. माझ्या सासूबाईंनी चढवलेला शेंदूर, त्यांच्या सासूने चढवलेला, सगळा एकावर एक. गाव गोळा झालं. शेजारची काशी रडायलाच लागली, "आई कोपली, आई कोपली." ह्यांनी चार माणसांना घेऊन कवच खाडीत सोडलं. पण पितृपक्ष चालू आहे, त्यामुळे नवा शेंदूर घटस्थापनेलाच चढणार असं ठरलं. तोवर आईच्या भोवती साडीचा आडोसा, आणि आत फक्त मानाच्या घरची बाई जाणार. म्हणजे मी.

ह्यांनी बजावलं, "मान आपला हाय. आई उघडी हाय ती कोनाला दिसता कामा नये."

मी आत बसले आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला बघितलं. शेंदरात ती केवढी भरलेली दिसायची, गोल, जाडजूड. आतून माझ्याएवढीच बारीक निघाली. गळ्याची हाडं दिसतात. एक हात वर, पंजा आपल्याकडे. दगडाची उजवी बाजू फुटून गेली आहे, कडेला कोणाचा तरी एक पाय तेवढा उरलाय, घोट्यापर्यंत. काशी म्हणते तो पहिल्या भक्ताचा पाय.

तुझी राहिलेली पेन्सिल माझ्याकडे होती. मितेशने मोडली तिचा अर्धा तुकडा. सुरीने टोक काढलं, बोटात धरवेना म्हणून पेनाचं टोपण बसवलं, आणि हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर काढत बसले. आंघोळ करून गेले होते, चपला बाहेर होत्या, तेव्हा पाप काही नाही.

चित्र वाईट आलंय. हात चमच्यासारखा दिसतो.

आता खरं सांगते. शुक्रवारी एकोणीस तारखेला दौलत वकिलांनी माझी साक्ष लावली आहे. पोलिसांना जबाब दिला तेच कोर्टात सांगायचं: सून मितेशच्या अंगावर धावून गेली, त्याने बाजूला ढकललं, ती ओट्याच्या कडेवर पडली. वकील म्हणतात तुमच्या शब्दावर मुलगा सुटेल, नाहीतर पाच-सात वर्षं आत जाईल. मी खोटं बोलणार नाही, दिपाली. तुझा हात वर होता. तो माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलाय.

तुला वाईट वाटू नये म्हणून आधी कळवते.

कमळ


॥ श्री ॥
शनिवार, १३ सप्टेंबर

दिपाली,

माझंच चित्र परत आलं. एक शब्द नाही, फक्त वरून खालपर्यंत लाल पेन्सिलीची एक उभी रेघ, गळ्याच्या खळगीपासून जमिनीपर्यंत. आधी वाटलं, रागाने माझ्या चित्रावर काट मारली. मग बघितलं तर रेघ थरथरलेली. तू डावखुरी. तुझा तो हात अजून नीट चालत नाही, हे मला त्या रेघेवरून कळलं. कोणी सांगितलं नव्हतं.

डाव्या हाताने निरांजन लावतेस म्हणून मी तुला किती बोलायचे.

रेघ कशाला ती मला दुपारी समजली. तू आईसमोर चित्र काढत बसायचीस आणि मी शेंदूर खलत बडबडायचे, तेव्हा तू सांगायचीस, "आई, गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडायचा. तो ज्या पायावर पडेल, त्या पायावर माणसाचा भार." मी म्हणायचे, दगडाला कसला गो भार? तू हसायचीस.

चार चित्रं काढली तेव्हा कुठे आईचं एक बोट जमलं. मी तुझं सगळं आठवून आठवून करते. डोळे बारीक केले की उजेड आणि सावली एवढंच उरतं. बोटं काढायची नाहीत, बोटांच्या मधल्या फटी काढायच्या, बोटं आपोआप येतात. हे तू सांगितलंस तेव्हा मला थट्टा वाटली होती. काल केलं आणि बोटं आली. फाकलेली, ताठ. आशीर्वादाच्या हाताची बोटं जवळजवळ असतात, आपल्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीची बघ. ह्या बोटांच्या फटीत माझं बोट जातं.

आणखी एक सांगायचीस, गोल वस्तूला कड नसते, ती जिथे वळून जाते तिथे आपल्याला कड दिसते. आईची कंबर अशीच आपल्यापासून वळून जाते. समोर बघणारी बाई अशी वळत नाही. मी घरी येऊन भांडी घासताना दोनदा वळून बघितलं. हे म्हणाले, "अंगात आलं काय?"

ओळंबा सोडला. दोऱ्याला खडा बांधून तिच्या गळ्यापाशी धरला. खडा मागच्या टाचेवर गेला. पुढचा पाय नुसता टेकलेला.

शेंदरावरूनसुद्धा तू हेच ओळखून म्हणाली होतीस ना गेल्या वर्षी चैत्राच्या हळदीकुंकवाला? वीस-पंचवीस बायका होत्या. तुझी वही हातोहात फिरत होती. काशी म्हणाली, "आईचा आशीर्वादाचा हात लई बेस काढलास गो." आणि तू सरळ बोललीस, "काशीकाकू, हा आशीर्वाद नाही. ही बाई मार चुकवतेय. तो पाय मारणाऱ्याचा आहे." कोणी तरी हसलं. मग कोणी हसलं नाही. काशी म्हणाली, "आमच्या आईला मार खानारी बोलतस? कमळ, तुझ्या घरचा मान, नि तुझीच सून?"

माझ्या तोंडाची चव गेली होती त्या दिवशी.

मितेशला कोणी सांगितलं असं तुला वाटतं, मला माहीत नाही. तू काशीचं नाव घेतलं होतंस. काशीने नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो राहनाळच्या गोडाऊनवरून जेवायला आला, मी पान वाढलं, आणि मी सांगितलं. तू म्हणालीस तेवढंच नाही, वर माझे दोन शब्द घालून. मी म्हणाले, "तुझी बायको गावात बोलते, ह्या घरच्या बायका मार खाणाऱ्या देवीच्या पाया पडतात." असं तू म्हणाली नव्हतीस. मी त्याला चटणी वाढत होते.

बाकी मी बाहेरच्या खोलीत होते. मला नीट दिसलं नाही.

कमळ


मंगळवार, १६ सप्टेंबर

दिपाली,

मागच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. ती आधी खोडून टाक.

आज दुपारी दौलत वकील घरी आले होते, साक्षीची तयारी करून घ्यायला. स्वयंपाकघरातच बसले, हे खुर्चीत, मितेश समोर. जामिनावर सुटल्यापासून तो जास्त जेवतो आणि जास्त हसतो. वकिलांनी त्याला उभा केला आणि मला म्हणाले, "वहिनी, मी कोर्टात विचारीन, सून कशी अंगावर आली ते दाखवा. तेव्हा नुसतं बोलायचं नाही. करून दाखवायचं. साहेबांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं पाहिजे."

मी एक पाऊल पुढे टाकलं, हात वर केला.

"पंजा असा नको. मूठ, नाहीतर चापट. आणि अंग पुढे."

पुन्हा केलं. जमेना. हात वर जायचा पण पंजा बाहेर वळायचा. मितेश कंटाळला. म्हणाला, "आये, सोपं हाय, मी तिच्या जागी, बग," आणि त्याने हसत हसत माझ्यावर हात उगारला. नुसता उगारला. गंमत म्हणून.

दिपाली, माझा डावा हात आपोआप वर गेला. कोपर तोंडासमोर, पंजा बाहेर, बोटं फाकलेली. कंबर वळली. मी मागच्या टाचेवर गेले आणि ओट्याला टेकले. कोणी ओळंबा सोडला असता तर खडा तिथेच पडला असता.

सगळे हसले. हे पण हसले. "आये घाबरली!" वकील म्हणाले, "वहिनी, हे उलटं झालं. हा मार चुकवणारीचा हात. मला मारणारीचा दाखवा."

त्यांना पण दिसलं. न शिकलेल्या डोळ्यांना पण दिसतं, दाखवलं तर.

मला हा हात कोणी शिकवला ते तुला सांगायला नको. माझी डाव्या हाताची करंगळी वाकडी का, तू आल्या आल्या विचारलं होतंस, आणि मी जात्याची कथा सांगितली होती. आपल्या घरी जातं कधी होतं? ती ह्यांनी मोडली होती. मितेश तेव्हा पाच वर्षांचा, दारात उभा होता. त्याने हे माझ्याआधी नीट बघून ठेवलं.

आता त्या दिवसाचं लिहिते. 

तो पानावरून उठला, हातसुद्धा धुतला नाही. शटर ओढायचा लोखंडी आकडा तो नेहमी बरोबर ठेवायचा, दुसऱ्या कोणी गोडाऊन उघडू नये म्हणून. त्याच आकड्याने त्याने आदल्या महिन्यात एका हमालाचं डोकं फोडलं होतं, आणि ह्यांनी मिटवलं होतं. तू ओट्याशी भाकरी थापत होतीस. त्याने तुझी वही चुलीवर धरली. जळेना तेव्हा फाडली. पेन्सिली मोडल्या, एकेक. तू म्हणालीस, "मितेश, पिठाचे हात आहेत, मला बोलू तर दे." तो म्हणाला, "मार खाणारी कशी दिसते ते काढतेस ना? थांब, दाखवतो."

पहिला घाव हातावर बसला. मी शेवग्याची शेंग मोडते तेव्हा तसा आवाज येतो. त्या दिवसापासून ह्या घरात शेवगा आणलेला नाही. दुसरा गालावर. तुझ्या डोळ्याखालचं हाड आत गेलं आणि तोंडाची ती बाजू एकदम सपाट झाली, मी बघितलं. तू खाली पडलीस, पीठ लाल झालं, आणि तो पाठीवर मारत राहिला. मी सहापर्यंत मोजले. मला मोजायची सवय आहे.

तू खालून माझ्याकडे बघून म्हणालीस, "आई."

मी दारापाशी होते. बाहेरच्या खोलीत नव्हते, स्वयंपाकघराच्या दारात होते. सगळं दिसत होतं. आणि मी काय केलं, तर बाहेरचं दार लावलं. कडी घातली. शेजारी काशीच्या अंगणात बायका पापड वाळत घालत होत्या. मग मी मिक्सर चालू केला. रिकामा. भांड्यात काही नव्हतं. तो फिरत राहिला आणि मी त्यावर हात ठेवून उभी राहिले.

दीड वर्ष मी रोज आईपुढे दिवा लावला आणि म्हटलं, तिचा हात वर होता, मी खोटं बोलले नाही. हात वर होताच. मी हाताकडे बघितलं, टाचेकडे बघितलं नाही.

कोर्टात मी काय करीन ते मला आत्ता माहीत नाही. खरं लिहायचं तर भीती वाटते. तो माझा मुलगा आहे, आणि मला त्याची भीती वाटते. दोन्ही एकदम.

पाचवं चित्र पाठवते आहे. ह्यात ओळंब्याची रेघ मी स्वतः ओढली आहे.

कमळ


गुरुवार, २५ सप्टेंबर

दिपाली,

तू कोर्टात नव्हतीस म्हणून लिहिते. पार्वती मावशीच्या पडवीत बसले आहे. वहीखाली तिची टोपली घेतली आहे, एका हाताने कागद धरायचा आणि त्याच हाताने लिहायचं जमत नाही.

शुक्रवारी माझं नाव पुकारलं. ह्यांनी मला नवी साडी नेसायला लावली होती. न्यायाधीश बाई होत्या, तुझ्याहून थोड्या मोठ्या. दौलत वकिलांनी गाव, वय, शिक्षण सगळं नीट विचारलं, मी नीट सांगितलं. मग ते म्हणाले, "त्या दिवशी सून तुमच्या मुलाच्या अंगावर कशी आली, ते कोर्टाला दाखवा."

मी चपला काढल्या. पट्टेवाला म्हणाला, "बाई, चपला राहू द्या." मी म्हटलं, "नाही, पाय दिसले पाहिजेत."

आणि मी उभी राहिले. डावा हात वर, कोपर तोंडासमोर, पंजा बाहेर. कंबर वळवली. भार मागच्या टाचेवर. पुढच्या पायाचा अंगठा नुसता टेकवला. तशीच थांबले. दगड थांबतो तशी.

 वकील हळूच म्हणाले, "वहिनी, नीट दाखवा."

"नीटच आहे," मी म्हटलं.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "बाई, ह्यात तुम्ही कोणाला मारता आहात?"

"कोणालाच नाही, मॅडम. मारणाऱ्याचा भार पुढे असतो, हा मागे आहे. माझी सून अशी उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं. माझ्या मुलाच्या हातात लोखंडी आकडा होता. पोलिसांना मी खोटं सांगितलं. दार मी लावलं."

मिक्सरचं पण सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

हात खाली घेतला तेव्हा तो दुखत होता. तू एवढा वेळ तसा धरलाच नसशील. तुला एवढा वेळ मिळालाच नाही.

घरी आम्ही वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो. मी आधी पोचले. पहिलं काम काय केलं असेल, तर बाहेरचं दार सताड उघडलं आणि त्याला पाट लावला, वाऱ्याने सुद्धा लागू नये म्हणून. मग देवापाशी बसले.

मितेश आला. हातात तसाच आकडा. जामिनावर सुटला तेव्हा ह्यांनी दुसरा करून दिला होता, पहिला पोलिसांकडे आहे. मला म्हणाला, "सांग अजून. दाखव अजून." हे खुर्चीतून उठले नाहीत. पहिला घाव हातावर बसला, हाताने काम केलं. दुसरा खांद्यावर. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात एवढ्या मोठ्याने ओरडले, आणि दार उघडं होतं. तिसऱ्याच्या आत काशी आली. ती आमची काशी, "आई कोपली" म्हणून रडणारी, हातात कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन. तिने ते मितेशच्या मनगटावर घातलं. "तुझ्या मायला मारतस रे?" तिच्यामागून चार बायका, मग पुरुष. आकडा खाली पडला.

त्याचा जामीन गेला. माझा नवा जबाब झाला. ह्या वेळी मी तो दोनदा वाचून सही केली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून दाखवला. कोपराच्या खालचं, बाहेरच्या बाजूचं हाड. म्हणाल्या, "मावशी, पडलं तर हे हाड असं एकटं मोडत नाही. हे हात आडवा घातल्यावर मोडतं." मी म्हटलं, माहीत आहे. माझ्या सुनेचं पण हेच. तुझ्या फोटोत त्यांनी हेच बघितलं असणार, आणि मी पदर तोंडाला लावून म्हटलं होतं, ओट्यावर पडली हो.

सोमवारी घट बसले. शेंदराचा मान काशीच्या घराकडे गेला. गावाने ठरवलं, आणि ठीकच आहे, मोडक्या हाताने शेंदूर चढत नाही. तिने मला आडोशात बोलावलं. शेंदूर खलून तयार होता. आईकडे बराच वेळ बघत राहिली, मग माझ्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे. हळूच म्हणाली, "दिपाली बोलली ते खरंच होतं का गो?" मी मान डोलावली. तिने आधी त्या कडेच्या पायावर शेंदूर थापला, चांगला जाड, पाय दिसेनासा होईपर्यंत. आईला अगदी पातळ लावला. बोटांच्या फटी बुजवल्या नाहीत.

मी नमस्कार करायला गेले तर जोडायला एकच हात. मग तसाच वर धरला.

घरी परत कधी जाईन ठाऊक नाही. तुला परत बोलावत नाही, तसा गैरसमज नको. माफी मागायला शब्द शोधले, सापडले ते सगळे फुकटचे वाटले, म्हणून लिहिले नाहीत.

सोबत चित्र आहे. ह्या वेळी आईचं नाही, माझ्या हाताचं, प्लास्टरसकट. पार्वती मावशीच्या आरशात बघून काढलं. प्लास्टर गोल आहे, त्याला कड नाही, तरी मी कड काढून बसले आहे असं वाटतं. कुठे चुकलं ते कळत नाही. लाल पेन्सिलीने दाखव. रेघ थरथरली तरी चालेल.

कमळ